पोर्ट व्हिलाचं संग्रहालय आणि बिनपगारी फिलवोका

दर्यासारंग (धागाकर्ता)

कामानिमित्त दोन वर्षं वानुआतूत काढून गेल्या महिन्यात परत आलो. "तिकडे काय पाहिलंस?" असं कुणी विचारलं की मी ज्वालामुखी, प्रवाळ वगैरे दोन वाक्यांत उरकतो आणि तिथल्या संग्रहालयाबद्दल बोलायला लागतो. समोरच्याचा चेहरा पडतो. म्हणून आता इथे लिहितोय. इथे निदान कोण उठून गेलं ते दिसत नाही.

ज्यांना नकाशा उघडायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी: फिजीच्या पश्चिमेला, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला ऐंशीएक बेटांचा हा देश. वस्ती तीन लाखांच्या आसपास, भाषा मात्र शंभराच्या वर. म्हणजे आपल्याकडच्या एका तालुक्याएवढी माणसं आणि दर दोनचार गावांआड नवी भाषा. १९०६ पासून इंग्रज आणि फ्रेंच दोघांनी मिळून राज्य केलं. पोलीस दोन, न्यायालयं दोन, तुरुंग दोन. 'काँडोमिनियम' (दोघांचं सामायिक राज्य) असं त्याचं नाव, लोक त्याला 'पँडेमोनियम' म्हणजे गोंधळ म्हणत. ३० जुलै १९८० ला सुटका झाली. या सगळ्या बेटांना आणि भाषांना जोडते ती बिस्लामा ही भाषा. शब्द बहुतेक इंग्रजीतले, वळण तिथल्या भाषांचं. 'थँक्यू टुमास' म्हणजे खूप आभार. लहान पोर म्हणजे 'पिकिनिनी'.

राष्ट्रीय संग्रहालय राजधानी पोर्ट व्हिलात संसदेच्या समोर आहे. ही इमारत १९९५ ची. ज्या संस्थेचं हे संग्रहालय ती म्हणजे 'वानुआतू कल्चरल सेंटर', बिस्लामात 'कल्जोरल सेंटा'. आत अंब्रिम बेटाचे उभे नगारे आहेत, अख्खं खोड पोखरून केलेले, वर डोळे वटारलेला चेहरा. मलेकुला बेटाचे मुखवटे आहेत. पूर्ण गोल वळलेले डुकराचे सुळे आहेत. (वरचे दात काढून टाकतात, म्हणजे खालच्या सुळ्याला अडकायला काही राहत नाही आणि तो वळत जातो. त्याला वर्षानुवर्षं लागतात आणि तेवढी वर्षं त्या डुकराला हाताने भरवावं लागतं. देशाच्या झेंड्यावर आहे तो हाच सुळा.) तासाभरात सगळं बघून झालं. बायको म्हणाली, "एवढंच?"

एवढंच. कारण उरलेलं संग्रहालय बेटांवर आहे, ते 'फिलवोका' लोकांकडे. इंग्रजी 'फील्डवर्कर'चं हे बिस्लामा रूप. गावातलाच माणूस, बहुधा शेतकरी. कोनफळं आणि तारो लावणारा. तारो म्हणजे आपलं अळूच, फक्त त्यांचा जीव कंदावर, आपला पानावर. हा माणूस आपल्या भागातल्या गोष्टी, गाणी, नाती, विधी, झाडांची नावं टिपून ठेवतो, म्हाताऱ्यांकडून ध्वनिमुद्रण करून घेतो. १९७०च्या दशकात ही पद्धत सुरू झाली. दरवर्षी साधारण दोन आठवडे सगळे राजधानीत जमतात. त्या वर्षीचा विषय आधीच ठरलेला असतो. प्रत्येक जण उठून सांगतो, आमच्याकडे हे असं असतं. ते सगळं बिस्लामात ध्वनिमुद्रित होऊन संग्रहालयात जमा होतं.

पगार शून्य.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, हात दुखला.

पार्ल्याची_पोर

मस्त! वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. तिथे लहान मुलांना न्यावं का? माझी दोन्ही रत्नं कुठल्याही संग्रहालयात दहाव्या मिनिटाला "आई, कँटीन" म्हणतात.

दर्यासारंग

@पार्ल्याची_पोर, नक्की न्या, वाळूच्या चित्रांसाठी. बारीक वाळूची एक पाटी असते. दाखवणारा आधी आडव्या-उभ्या रेघांची चौकट आखतो, मग एक बोट टेकवतो आणि सुरू होतो. बोट उचलायचं नाही. रेघ वळसे घेत, स्वतःलाच ओलांडत, जिथून निघाली तिथे परत येते आणि अचानक समोर कासव असतं. हात चालू असताना तोंडाने गोष्टही चालू. मग तळवा फिरवून तो कासव पुसून टाकतो. माझ्या शेजारी एक ऑस्ट्रेलियन पोरगं रडायला लागलं होतं, "का पुसलं?" म्हणून.

बिस्लामात याला 'सँडरोइंग' म्हणतात. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे (२००३ ची घोषणा, २००८ ला यादीत). माणसं एकमेकांची भाषा जाणत नसली तरी चित्रातून निरोप कळायचा, असं सांगतात.

गणिताची_मास्तरीण

अरे, ही तर आमच्या पेठेतली गोष्ट! मार्शा अ‍ॅशर नावाच्या गणितज्ञ बाईंनी मलेकुलाच्या या रेघा आणि तमिळनाडूचे कोलम, दोन्हींचा अभ्यास केला होता. दोन्हींत मूळ प्रश्न एकच, हात न उचलता अख्खी आकृती कशी पुरी करायची. ऑयलर या गणितज्ञाने १७३६ साली क्योनिग्सबर्गच्या सात पुलांवरून नियम दिला तो हाच. एखाद्या बिंदूपाशी विषम संख्येने रेघा मिळत असतील तर तिथे एकतर सुरुवात होणार नाहीतर शेवट. निघालो तिथेच परत यायचं असेल तर असा बिंदू एकही चालत नाही. मलेकुलाच्या माणसाने ऑयलर वाचला नव्हता, पण सुरुवातीला परत येण्याची जाण त्याच्या बोटात होती.

ही चित्रं पहिल्यांदा पद्धतशीर उतरवून घेणारा बर्नार्ड डीकन केंब्रिजहून मलेकुलाला गेला आणि १९२७ मध्ये तिथेच तापाने गेला. वय चोवीस. त्याने टिपलेल्या एका कथेत मेलेल्या माणसाच्या वाटेवर एक भुताळीण बसलेली असते. तिच्यासमोर वाळूत चित्र. माणूस येताना दिसला की ती अर्धं चित्र पुसते. उरलेलं पुरं केलंस तर पलीकडे जा. येत नसेल तर ती खाऊन टाकते.

दहावीच्या वर्गात मी ही कथा सांगते. भूमितीची वही त्यानंतर आठवडाभर नीट येते.

अवांतर: आपली ठिपक्यांची रांगोळी मात्र हात उचलून काढली तरी चालते. भुताळीण आपल्याला सोडणार नाही.

खडूस_काका

सगळं छान आहे हो. पण 'पगार शून्य' हे वाक्य तुम्ही ज्या कौतुकाने लिहिलंत ते मला झेपलं नाही. दोन आठवडे शेत सोडून राजधानीत यायचं, वर्षभर म्हाताऱ्यांच्या मागे हिंडायचं, ते फुकट? आणि त्या माहितीवर पीएचड्या कोण मिळवणार? आपल्याकडे अंगणवाडी सेविकांचं 'मानधन' आपण बघतोच आहोत. सेवा, समाजकार्य, मान असे शब्द आले की मी आधी खिसा चाचपतो.

दर्यासारंग

काका, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, निम्मा.

पीएचड्यांचं आधी घेतो. १९८५ ते १९९४ अशी जवळजवळ दहा वर्षं वानुआतूने मानव्यशास्त्रातल्या परदेशी संशोधकांना दारच बंद केलं होतं. वसाहतीच्या काळात माणसं आली, विचारलं, टिपलं, वस्तू उचलल्या आणि गेली. गावाकडे मागे काहीच राहिलं नाही. आधी आमची माणसं तयार होऊ देत, मग तुम्ही या, असा तो हिशेब. दार उघडलं तेव्हा नियम घालून उघडलं. संशोधकाने कल्चरल सेंटरशी करार करायचा, गावाची परवानगी घ्यायची, स्थानिक माणसाला कामात घ्यायचं, मुद्रणांची आणि लेखनाची प्रत इथे ठेवायची आणि त्या गावाला उपयोगी पडेल असं काहीतरी करून जायचं. तीन लाखांच्या देशाने ऑक्सफर्ड-केंब्रिजला रांगेत उभं केलं म्हणा ना.

आता बिनपगारी. मी एका फिलवोका गृहस्थांना हे सरळ विचारलं होतं. ते हसले. म्हणाले, पगार घेतला तर गावातले लोक म्हणतील, हा सरकारचा माणूस आहे, मग मला गोष्ट कोण सांगेल? त्यांच्याकडे गोष्ट कुणालाही सांगायची नसते, तिला मालक असतो. हे झालं त्यांचं उत्तर. पण त्याच गप्पांत होडीच्या भाड्याचा विषय निघाला तेव्हा त्यांचा आवाज बदललेलाही मी ऐकला. त्यामुळे तुमचा निम्मा मुद्दा शिल्लक आहे, तो मी खोडत नाही.

केवडा

बायकांचं काय? फिलवोका फक्त बुवेच का?

दर्यासारंग

@केवडा, तुमची आयडी बघून हसू आलं, का ते आत्ता कळेल.

पहिली बरीच वर्षं फक्त पुरुष. 'कास्टम' म्हणजे रूढी-परंपरा-ज्ञान सगळं मिळून, आणि ते पुरुषांचं, बायकांकडे कसलं कास्टम, असा समज होता. गंमत म्हणजे बऱ्याच बायकांनाही तसंच वाटायचं. १९९० नंतर लिसंट बोल्टन ही ऑस्ट्रेलियन संशोधक आणि आंबे बेटाच्या जीन तारिसेसेई यांनी आंबेच्या चटयांवर काम सुरू केलं. या चटया केवड्याच्या जातीच्या पानांच्या. पानं सोलून, वाळवून, विणून लाल रंगात रंगवतात. बायकांना विचारायला लागल्यावर निघालं काय, तर चटयांचे प्रकार वेगळे, प्रत्येकाला नाव वेगळं, कुठली लग्नात द्यायची, कुठली मर्तिकात, कुठली नेसायची, नक्षी कुणी वापरायची, सगळ्याचे नियम. पुरुषांचे डुकरांचे विधी जितके गुंतागुंतीचे तितकंच हे. फक्त कुणी विचारलं नव्हतं. १९९४ पासून बायकांच्या फिलवोका आहेत, त्यांचं वार्षिक संमेलन पुरुषांपेक्षा वेगळं भरतं.

केवडा

'फक्त कुणी विचारलं नव्हतं' याला +१. माझी सासू गोधडी शिवते. तिला "तुमची कला" म्हटलं तर म्हणते, "कला कसली मेली, जुनी लुगडी आहेत."

टिवल्याबावल्या

बाकी ठीक आहे, पण तुम्ही तिथून सहीसलामत परत कसे आलात? पूर्वी पाहुण्यांना कढईत टाकायचे ना? हलके घ्या.

दर्यासारंग

घेतलं. पण याचंही तिथे संग्रहालयाच्याच वर्तुळात उत्तर झालंय. एरोमांगो बेटावर १८३९ मध्ये जॉन विल्यम्स या मिशनऱ्याला मारून खाल्लं. २००९ मध्ये, म्हणजे १७० वर्षांनी, त्याचे वंशज बोलावून बेटाने त्यांच्याशी समेट केला. भाषणं करून फोटो काढले असं नाही. कास्टमप्रमाणे गेलेल्या माणसाच्या बदल्यात माणूस द्यायला हवा, म्हणून सात वर्षांची एक मुलगी त्यांना रीतसर 'दिली'. मुलगी राहिली आपल्याच घरी, तिच्या शिक्षणाची जबाबदारी वंशजांनी घेतली. हे घडवून आणण्यात राल्फ रेगेन्वानू होते, आधी बरीच वर्षं कल्चरल सेंटरचे संचालक आणि नंतर राजकारणात गेलेले.

सुव्हाकर

फिजीतून लिहितोय, सुव्हात चार वर्षं आहे. इथलं फिजी म्युझियम १९०४ पासूनचं, थर्स्टन गार्डन्समध्ये. 'बाउंटी' जहाजाचं सुकाणू, १९१३ ची 'रातू फिनाऊ' ही दोन होड्या जोडून केलेली १३ मीटरच्या वरची नाव आणि बेकर नावाच्या मिशनऱ्याच्या बुटाचे उरलेले तळवे. (हो, त्यालाही १८६७ मध्ये खाल्लं होतं. हो, इथेही २००३ मध्ये गावाने वंशजांची माफी मागितली. टिवल्याबावल्या, आता पुरे.)

पण मी पुन्हा पुन्हा जातो तो गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांच्या दालनासाठी. १४ मे १८७९ ला 'लिओनिडास' आलं, तेव्हापासून १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं कलकत्ता आणि मद्रासहून इथे आणली गेली. 'गिरमिट' म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट', त्यांच्या जिभेवर झालेलं. दालनात घरातल्याच वस्तू आहेत, भांडी, दागिने, वाद्यं. मागे एक आजी काचेपाशी उभ्या राहून नातीला सांगत होत्या, "असाच लोटा आपल्याकडे होता, तुझ्या आजोबांनी भंगारात घातला." मराठी माणूस इथे अगदीच थोडा. आपले लोक मुंबई बंदरातून गेले ते मॉरिशसला.

नारळीभात

मला एक सांगा, हे गावोगावच्या गोष्टी जमवणं ठीक, पण त्यात खरं किती आणि रचलेलं किती? चारशे वर्षांपूर्वीचा राजा आणि त्याची दंतकथा, हे आपल्याकडेही दर गडाखाली मिळतं.

दर्यासारंग

@नारळीभात, नेमका राजाचाच दाखला आहे. पोर्ट व्हिला ज्या बेटावर आहे त्या एफातेच्या भागात रोई माता नावाच्या सरदाराची कथा सांगत. त्याने आपसांतली युद्धं थांबवली, पुढे भावाने विष घातलं, एरेतोक नावाच्या बेटावर त्याला पुरलं आणि त्याच्याबरोबर त्याची माणसंही जमिनीत गेली. ते बेट तेव्हापासून निषिद्ध, कुणी वस्ती केली नाही. १९६७ मध्ये जोझे गारांजे हा फ्रेंच पुरातत्त्वज्ञ, जाणत्या माणसांनी सांगितलेल्या जागी खणायला लागला. मधोमध एक पुरुष आणि भोवती अनेक माणसांचे सांगाडे, काही जोडीने, दागिन्यांसकट. काळ साधारण १६०० च्या सुमाराचा. न लिहिलेली गोष्ट साडेतीनशे वर्षं जागा आणि तपशील धरून राहिली होती. २००८ मध्ये ती जागा वानुआतूचं पहिलं जागतिक वारसास्थळ झाली आणि ती सांभाळणारे आजही आसपासच्या गावांतलेच लोक आहेत.

दुसरं तेओउमाचं. पोर्ट व्हिलापासून जवळच, कोळंबीच्या तळ्यांसाठी माती उकरताना नक्षीचं खापर वर आलं. ते केंद्रातल्या माणसांपर्यंत पोचलं म्हणून वाचलं, नाहीतर भरावात गेलं असतं. २००४ पासून तिथे तीन हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी खणली गेली. बहुतेक सांगाड्यांना डोकी नाहीत, नंतर काढून घेतलेली. त्यांच्या डीएनएवरून कळलं की हे पहिले लोक तैवान-फिलिपिन्सकडच्यांचे भाऊबंद. आपल्याकडे जेसीबीवाल्याच्या नजरेला खापर पडलं तर त्याने कुणाला फोन करायचा, हे त्याला कुणी सांगितलंय का? मी तर इंजिनियर आहे, मलाही माहीत नव्हतं.

सुनीती_ख

सुंदर धागा. एक शंका. त्या मुद्रणांचं पुढे काय होतं? ऑनलाइन ऐकता येतात का?

दर्यासारंग

सगळी नाही. तिथे एक 'टाबू रूम' आहे, म्हणजे निषिद्ध खोली. गावांनी दिलेली मुद्रणं, फिती, छायाचित्रं त्यात बंद असतात आणि प्रत्येकावर देणाऱ्याची अट असते. हे फक्त पुरुषांनी बघायचं. हे फक्त बायकांनी. हे फक्त अमुक कुळाने. केंद्रातल्या कर्मचाऱ्यालाही सगळं उघडायची मुभा नसते. २००६ च्या सुमाराला तर परदेशी कंपन्यांना कास्टमच्या विधींचं व्यापारी चित्रण करायलाही काही काळ मनाई केली होती. पेंटेकॉस्ट बेटावर घोट्याला वेल बांधून मनोऱ्यावरून उडी मारतात, त्याच्या मागे कॅमेरेवाले फार लागले होते.

सुनीती_ख

इथे मात्र मी तुमच्या विरुद्ध. सार्वजनिक संस्थेत ठेवलेलं ज्ञान कुलुपात कशाला? 'अमक्यांनीच ऐकायचं' या वाक्याने आपल्याकडे काय काय केलंय ते नव्याने सांगायला नको. वेद ऐकला म्हणून कानात शिसं ओतायच्या गोष्टी याच मुलखातल्या. पुण्यात गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांच्या मदतीने लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या जमवल्या, आज त्या कुणीही वाचू शकतं, त्यांतल्या काही ऐकूही शकतं. हे खरं संग्रहालय. माझ्या आईच्या ओव्यांची ८७ सालची कॅसेट आमच्याकडे आहे, बुरशी यायच्या आत ती डिजिटल करून नेटवर टाकणार आहे. सगळी. कुलूप नाही.

खडूस_काका

सुनीतीताईंशी सहमत. (नोंद घ्यावी, मी सहसा होत नाही.)

गणिताची_मास्तरीण

फरक एवढाच वाटतो ताई, की शिसं ओतणारा दुसऱ्याला आत घेत नव्हता. टाबू रूममधली माणसं बाहेरच्या बलदंडाला आत घेत नाहीत. आणि कुलूप नसतं तर गावाने ते मुद्रण दिलंच नसतं, मग उघडं ठेवायला काय उरलं असतं?

सुनीती_ख

आतलेही एकमेकांना घेत नाहीत ना पण. बायकांनी बघायचं नाही, हे कुणी ठरवलं?

दर्यासारंग

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तिथल्या बायकांच्या टाबू गोष्टीही पुरुषांना बंद आहेत, हे उत्तर म्हणून पुरत नाही हे मला कळतं. कॅसेट झाली की इथे दुवा द्या. आम्ही वाट बघतोय.

पार्ल्याची_पोर

मीही. आणि मुलांनी घरात रव्याच्या ताटात बोट न उचलता कासव काढायचा प्रयत्न केला. रवा सोफ्याखाली. दर्यासारंग, बघून घेईन.

सुनीती_ख

पंधरा दिवसांनी लिहितेय. कॅसेट झाली. खरखर आहे, पण आईचा आवाज स्वच्छ येतो, मागे जातंही ऐकू येतं. दुवा आज देणार होते. काल आईला फोनवर ऐकवली. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, टाक, पण त्यातल्या चार काढ.

मी म्हटलं, का गं? तर म्हणे, त्या नणंदेवर आहेत, आणि ती अजून आहे.

म्हटलं, आई, आत्या ब्याण्णव वर्षांच्या आहेत, त्या कुठे नेटवर ऐकणार? तर म्हणाली, "तिच्या नाती ऐकतील. ती गेल्यावर टाक. आणि मी आधी गेले तर तिला विचारून टाक."

बावीस ओव्या उद्या चढवते. चार वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्यात. फाइलला नाव काय द्यावं हे अजून सुचलेलं नाही, आणि मास्तरीणबाई, तुम्ही काहीही सुचवू नका.